शिसपेन्सिल आणि सावळा चेहरा

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. हे शाळेत कुणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं आणि आपण ते विसरूनही गेलेलो असतो. नाव मात्र चिकटून राहिलं. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात बॉरोडेल नावाची एक दरी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे काळ्या, मऊ, बोटांना माखणाऱ्या खनिजाचा साठा सापडला. आसपासच्या धनगरांनी ते मेंढ्यांवर खुणा करायला वापरलं. कागदावर त्याची रेघ शिशाच्या रेघेपेक्षा कितीतरी काळी उमटायची, म्हणून लोक त्याला काळं शिसं म्हणू लागले. ते शिसं नसून कार्बनचंच एक रूप आहे, हे शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिलं. 'ग्रॅफाइट' हे नाव त्याला त्यानंतर दहा वर्षांनी मिळालं, लिहिणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तोवर आपली शिसपेन्सिल नावाने पक्की होऊन बसली होती.

या खनिजाचं इंग्रजांना भारी मोल होतं. तोफगोळे ओतायच्या साच्यांना ते आतून लावत. १७५२ साली तर त्याची चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच ब्रिटिश पार्लमेंटने केला. पण आज मला तोफांविषयी बोलायचं नाही, चेहऱ्यांविषयी बोलायचं आहे. आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेली एक गोष्ट आहे. पेन्सिलीने काढलेल्या व्यक्तिचित्रात सावळा माणूस गोरा निघतो. नाक तेच, कपाळ तेच, मिशीसुद्धा तीच, पण माणूस भलताच. असं का होतं? चित्रकाराचा हात कच्चा होता, असं म्हणून विषय संपवता येईल. पण या गोऱ्या निघण्याला एक इतिहास आहे आणि तो चांगल्या चांगल्या हातांतून आलेला आहे.

पेन्सिल हाती येण्याआधी युरोपातले चित्रकार चांदीच्या तारेने रेखाटन करत. कागदावर हाडांच्या भुकटीचा किंवा तत्सम लेप द्यायचा आणि त्यावर तारेचं टोक ओढायचं. रेघ करड्या रंगाची उमटते, पुढे हवा लागून तपकिरी होते. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात असं एक चित्र आहे. ते १४८४ सालचं, आणि काढणारा आल्ब्रेख्त ड्यूरर तेव्हा अवघा तेरा वर्षांचा होता. आरशात बघून त्याने स्वतःला काढलं आहे. गोबरे गाल, लांब केस, एक बोट पुढे केलेलं. दुसरा हात बाहीत दडवलेला आहे, कारण तो चित्र काढण्यात गुंतलेला होता! चांदीची रेघ पुसता येत नाही आणि कितीही दाबली तरी एका मर्यादेपलीकडे काळी होत नाही. म्हणजे या मुलाजवळ गडद छटा नव्हतीच. जे काही होतं ते पांढऱ्यापासून मधल्या करड्यापर्यंत. तेवढ्यात त्याने बारीक रेघांवर रेघा घालून गाल गोल केला आहे.

हाच ड्यूरर पुढे माणसाच्या शरीराच्या मापांच्या मागे लागला. कित्येक वर्षं तो माणसं मोजत राहिला. त्याचा मानवी प्रमाणांवरचा चार भागांचा ग्रंथ १५२८ साली निघाला, तो त्याच्या मृत्यूनंतर. माणसाचं एकच एक आदर्श माप सापडेल या आशेने त्याने सुरुवात केली होती. ग्रंथात मात्र लठ्ठ, सडपातळ, बुटके, उंच असे अनेक नमुने आहेत. चौकटीतल्या रेघा इकडेतिकडे सरकवून एकाच चेहऱ्याचे अनेक चेहरे कसे होतात, हेही त्याने दाखवलं आहे.

आता १७९३ सालात येऊ. फ्रान्स आणि इंग्लंड यांचं युद्ध पेटलं आणि फ्रान्समध्ये येणारं बॉरोडेलचं ग्रॅफाइट बंद झालं. सेनापतींना नकाशे हवेत, इंजिनिअरांना आराखडे हवेत आणि पेन्सिली नाहीत. हे काम निकोला-जाक कोंते याच्याकडे आलं. हा गृहस्थ मूळचा व्यक्तिचित्रकार. लोकांचे चेहरे रंगवून पोट भरता भरता विज्ञानाच्या नादी लागलेला. बलूनसाठी वायूचे प्रयोग करताना स्फोट होऊन त्याचा डावा डोळा गेला होता. त्याने ग्रॅफाइटची भुकटी केली, तिच्यात चिकणमाती कालवली, कांड्या पाडल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. म्हणजे अगदी कुंभाराचं काम. १७९५ साली त्याला याचं पेटंट मिळालं.

यातली खरी करामत मातीच्या मापात होती. माती जास्त घातली की कांडी कठीण होते आणि रेघ फिकी येते. माती कमी केली की कांडी मऊ होते आणि रेघ काळीभोर येते. खाणीतून जसं निघेल तसं वापरायचं, हा प्रकार संपला. फिक्यापासून गडदापर्यंत पायऱ्या पाडता येऊ लागल्या. दुकानात आपण एचबी, टूबी, सिक्सबी मागतो, त्यातला एच म्हणजे कठीणपणा आणि बी म्हणजे काळेपणा. ही अक्षरं इंग्रज पेन्सिलवाल्यांनी नंतर लावली, पण या मापामागची युक्ती कोंतेच्या भट्टीतली. एका माजी व्यक्तिचित्रकाराने युद्धासाठी जे शोधलं, त्यातून व्यक्तिचित्रकारांना पहिल्यांदाच हवा तितका अंधार मोजून मिळाला.

आणि मग त्यांनी तो वापरला का? या कलेतला मोठा माणूस म्हणजे आंग्र. १८०६ साली तो रोमला गेला आणि १८२० पर्यंत तिथे राहिला. नेपोलियनची सत्ता गेल्यावर त्याचे फ्रेंच आश्रयदाते गेले, हाती पैसा उरला नाही. मग रोम बघायला येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची पेन्सिलीतली व्यक्तिचित्रं काढून तो घर चालवू लागला. याची त्याला फार लाज वाटे. त्याला व्हायचं होतं इतिहासप्रसंगांचा चित्रकार. छोटी छोटी चित्रं काढणारे ते हेच का, असं कुणीतरी दारात येऊन विचारलं तेव्हा तो भडकला, असा किस्सा सांगतात. त्याची मोठी तैलचित्रं मला फारशी भावत नाहीत. ही 'छोटी' चित्रं मात्र डोळ्यांना सोडत नाहीत. १८१९ साली त्याने व्हायोलिनवादक पागानिनीचं चित्र काढलं, ते आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. काखेत व्हायोलिन, हातात गज. कोट नुसत्या रेघांनी सुचवलेला, आणि चेहऱ्यावर मात्र कठीण पेन्सिलीची इतकी नाजूक छाया, की टोक कुठे फिरलं ते कळत नाही.

नीट पाहिलं तर लक्षात येतं, की त्या चेहऱ्याचा बराच भाग म्हणजे कोरा कागद आहे. कपाळ कागद, गालाचा उंचवटा कागद, नाकाचा दांडा कागद. आंग्रने कोंतेच्या जिन्याच्या चार-पाचच पायऱ्या वापरल्या आणि त्या त्याला पुरल्या. कारण त्याच्यासमोर बसलेल्या माणसांची कातडी त्याच्या कागदाच्या जवळच्या रंगाची होती. कागद हीच त्वचा, हा हिशेब त्याच्यापुरता चोख होता. तोच हिशेब पेन्सिलीबरोबर आपल्याकडे आला.

खरं तर आपल्याकडे दुसरा हिशेब आधीपासून होता. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात चेहऱ्याचं माप बारा अंगुळं दिलं आहे. चार कपाळाला, चार नाकाला, चार नाकाखालपासून हनुवटीपर्यंत. रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियस यानेही चेहऱ्याचे असेच तीन सारखे भाग सांगितले आहेत. दोघांची भेट झालेली नसणार, पण माणसाचा चेहरा दोघांनीही पाहिला होता. चित्रसूत्रात पुढे सावली भरण्याला 'वर्तना' म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एकात पानाच्या शिरांसारख्या रेघा आणि एकात नुसते ठिपके. पेन्सिलीने छायांकन करणारी मुलं आजही हेच तर करतात. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. हा ग्रंथकार माणसाच्या वर्णाचे प्रकार मोजतो, तेव्हा गोऱ्या वर्णाचे पाच प्रकार देतो आणि श्याम वर्णाचे बारा! कुणी मुगासारखा श्याम, कुणी दूर्वांकुरासारखा, कुणी निळ्या कमळासारखा, कुणी ढगासारखा. कवी म्हणून मला या यादीचा हेवा वाटतो. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत गोरी आणि 'गव्हाळ' यांच्या पुढे शब्दच नसतो.

मोगल चित्रशाळेत 'नीम कलम' म्हणून एक पद्धत होती. नीम म्हणजे अर्धं. नीम हकीम म्हणताना आपण तो शब्द वापरतोच. फिक्या शाईची रेघ, अगदी थोडा रंग, असं हे अर्ध्या कलमाचं काम. जहांगीरच्या दरबारात इनायत खान नावाचा एक अधिकारी होता. अफू आणि दारूने त्याचं शरीर पोखरलं होतं. १६१८ साली मरणाच्या दारात असताना त्याला बादशहापुढे आणलं. बादशहा थक्क झाला. माणूस इतका झिजू शकतो, हे बघून त्याने चित्रकारांना त्याची छबी उतरवायला सांगितलं, आणि ही गोष्ट आपल्या आत्मचरित्रातही नोंदवली. त्याचं रेखाटन आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डला. खान मोठमोठ्या लोडांना टेकून बसला आहे. ते लोड गच्च भरलेले, गोल, आणि त्यांच्यामधला माणूस काटकीसारखा. चित्रकाराने एका शब्दानेही न सांगता झीज मोजून दाखवली आहे. बरगड्या, गळ्याचं हाड, डोळ्यांच्या खोबण्या हे सगळं कुंचल्याच्या टोकाने हळूहळू दाट केलेल्या छायेत आलेलं आहे. खिडकीतून उजेड आला आणि पलीकडे सावली पडली, असा प्रकार यात नाही. सावली प्रकाशाची नाही, शरीराची आहे. मला पाहिलेल्या व्यक्तिचित्रांत याहून खरं चित्र क्वचितच आठवतं.

१८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, तीच आपली जे. जे. तिथे विलायती पद्धतीने शिकवत. विद्यार्थ्यांसमोर ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मांडायच्या आणि त्यावरून तासन्‌तास रेखाटन करायचं. यामागे विचार होता. प्लास्टर पांढरं, त्याला स्वतःचा रंग नाही, तेव्हा त्यावर दिसते ती निव्वळ छाया. नवशिक्याला छटा ओळखायला याहून सोपं साधन नाही. पण वर्षानुवर्षं पांढरा चेहरा काढलेल्या हाताला समोर जिवंत माणूस बसला तरी प्लास्टरच दिसू लागतं, हा धोका त्यात होताच.

गंमत अशी, की त्याच शाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. अजिंठ्यात सावळ्या माणसांचा दरबारच भरलेला आहे. तिथला चित्रकार आधी सगळ्या चेहऱ्याला सावळा रंग देतो, कडांना तो गडद करतो आणि शेवटी नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर उजेडाचा हलका स्पर्श ठेवतो. म्हणजे शाळेत गोऱ्या प्लास्टरचा धडा आणि लेण्यांत सावळ्या त्वचेचा धडा, दोन्ही एकाच वेळी चालू होते. परीक्षा मात्र पहिल्याच धड्याची होत असे.

याच काळात कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.त शिकले. त्यांचं घराणं कुराणाच्या प्रती लिहिणाऱ्या कातिबांचं. आता बोरूच्या कारभारात छटा नसते. शाई असते किंवा नसते. अक्षर जाड होतं, बारीक होतं, पण करडं होत नाही. असं असून विद्यार्थिदशेत त्यांनी छायाप्रकाशाची जी अभ्यासचित्रं काढली, ती शाळेने जपून ठेवण्याइतकी सरस ठरली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. मला वाटतं, बोरूने त्यांना दोन गोष्टी दिल्या असाव्यात. एक म्हणजे प्रमाण, कारण सुलेखनात प्रत्येक अक्षर बोरूच्या टोकाने पडणाऱ्या नुक्त्यांनी, म्हणजे ठिपक्यांनी मोजलेलं असतं. दुसरी म्हणजे काळ्याची भीती नसणं.

ही काळ्याची भीती आपल्याकडे पसरवली ती चित्रकारांपेक्षा फोटो स्टुडिओंनी. रिटचिंग नावाचं जे काम तिथे चाले, ते चक्क पेन्सिलीने होत असे. उतरणीच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरायची. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथून उजेड कमी जातो आणि छापलेल्या फोटोत ती जागा पांढरी येते. जितकी काळी पेन्सिल घासाल तितका माणूस गोरा! उपवर मुलींचे फोटो असेच 'तयार' होत. मग त्या फोटोवर चौकोन आखून पेन्सिलीत मोठं चित्र काढणारे गावोगावचे कलाकार होते. मूळ फोटोच धुवून निघालेला, त्यात यांचा हात हलका. दोन पिढ्यांची माणसं अशी भिंतींवर गोरी होऊन बसली आहेत.

आमच्या घरी भिंतीवर तसबिरी लावायची चाल नव्हती. पण अब्बा गेले तेव्हा धाकट्या भावाने हट्टाने एका कलाकाराकडून त्यांचं चित्र करून घेतलं. ओळखपत्रावरच्या फोटोवरून. अब्बा उन्हातान्हात फिरून कामं केलेले, रापलेले. चित्र आलं ते एखाद्या बँकेच्या मॅनेजरचं. अम्मीने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नाक त्यांचंच आहे." बस, एवढंच. ते चित्र कपाटात गेलं.

नाक त्यांचंच होतं, यात कलाकाराचं कसब होतं, ते नाकारत नाही. चौकोन आखून माप बरोबर येतं. पण नुसतं माप पुरत नाही, कारण छटा चुकली की बरोबर असलेलं मापसुद्धा चुकल्यासारखं दिसतं. डोळ्याचं बुबुळाभोवतालचं पांढरं आपण कोऱ्या कागदाचं ठेवतो. प्रत्यक्षात ते पांढरं नसतं. पापणीची सावली त्यावर असते आणि सावळ्या चेहऱ्यात तर ते बरंच करडं असतं. ते कोरं ठेवलं की डोळे बटबटीत दिसतात आणि आपण उगाच ते लहान करत बसतो. हनुवटीखालची सावली भ्यालेल्या हाताने फिकी ठेवली की मान आणि जबडा एक होऊन चेहरा लांबट वाटतो. केसांच्या कडेला एकच ठसठशीत रेघ मारली की डोकं टोप घातल्यासारखं दिसतं. पट्टी लावून बघितलं तर सगळं जागच्या जागी!

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवत. ते म्हणायचे, "डोळे किलकिले कर, मग बघ." तसं केलं की पापण्या-भुवयांचा तपशील विरतो आणि चेहऱ्यावर चार-पाच मोठे आकार उरतात. डोळ्यांच्या खोबणीचा, नाकाच्या बाजूचा, खालच्या ओठाखालचा, गळ्याचा. आधी ते आकार एकमेकांच्या मापात बसवायचे. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, हेही तेव्हाच तपासायचं, कारण सगळ्यांचे हात डोळे वरच सरकवतात. कपाळ आपल्याला कमी दिसतं, कारण आपण माणसाच्या कपाळाशी बोलत नाही.

सावळा चेहरा काढायचा तर सुरुवात कागदापासून करायचीच नाही. टूबी आडवी धरून सगळ्या चेहऱ्यावर एक सारखी मधली छटा पसरायची. ती या माणसाची त्वचा. तिथून खाली गडदाकडे जायचं ते फोरबीने, सिक्सबीने, थरावर थर चढवत. एकदम दाबायचं नाही. ग्रॅफाइटचे कण चपटे असतात. दाबले की सपाट बसतात आणि आरशासारखे चमकतात, मग जी जागा काळी व्हायला हवी तीच बाजूने बघताना पांढरी दिसते. शिवाय पेन्सिलीचा काळा कोळशाइतका काळा कधी होत नाही. म्हणून सगळ्यात गडद जागा आधी ठरवून ठेवायची. बहुधा ती नाकपुडीत किंवा ओठांच्या मधल्या फटीत असते. बाकी सगळं तिच्यापेक्षा एकेक पायरी उजळ ठेवायचं.

आणि उजेड काढायचा तो पेन्सिलीने नव्हे, खोडरबराने. रबराने पेन्सिलीची रेघ पुसते याची नोंद इंग्लंडमध्ये प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० साली केली. त्याआधी चित्रकार पावाचा मऊ गर वापरत. आजही मळलेल्या कणकेसारखं मऊ रबर मिळतं, त्याला चिमटीत टोक काढता येतं. मधल्या छटेच्या थरावर ते नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. कपाळाच्या उंचवट्यावर एकदा, नाकाच्या दांड्यावर एकदा, खालच्या ओठावर अगदी हलकं. अजिंठ्याच्या चित्रकाराने जिथे जिथे उजेड ठेवला, तिथेच. कोरा पांढरा कागद साऱ्या चेहऱ्यात एकाच ठिकाणी उघडा करायचा, बुबुळातल्या टिपक्याला, आणि तोही सगळ्यात शेवटी.